वकीलपत्र कोणी घ्यायचे?

२७ जानेवारी २०२३ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने मोहसीन शेख खून खटल्यातील सर्व आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. मोहसीन हा सोलापूरचा. नोकरीसाठी पुण्यात राहणारा, संगणकाचे काम करणारा तरुण. २ जून २०१४ च्या रात्री हडपसर भागात नमाज आटोपून घरी परतत असताना जमावाने त्याला मारहाण केली आणि त्यात त्याचा अंत झाला. शिवाजी महाराज व बाळ ठाकरे यांच्याविषयी फेसबुकवर कोणीतरी टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त करून त्या दिवसांत शहर पेटवण्यात आले होते. त्या मजकुराशी मोहसीनचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या अंगावर त्याच्या धर्माची ओळख दिसत होती, एवढेच.

न्यायालयाने ज्यांना निर्दोष ठरवले त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि समाजवाद्यांना तर मुळीच नाही. परंतु मोहसीनचा खून झाला याविषयी दुमत नाही. मग तो कोणी केला हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांनी ती कशी पार पाडली, हा प्रश्न निकालाबरोबर संपत नाही. साडेआठ वर्षे हा खटला रेंगाळला. शासनाने मोठा गाजावाजा करून नेमलेले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१७ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. मोहसीनचे वडील डिसेंबर २०१८ मध्ये, निकाल न पाहताच वारले. सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. प्रत्येक तारखेला ते तोडायचे, आणि तेथे जाऊन पाठीमागच्या बाकावर बसायचे. मृताच्या कुटुंबाला आपल्या न्यायव्यवस्थेने दिलेली जागा ती एवढीच.

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. फौजदारी खटला हा शासन विरुद्ध आरोपी असा असतो. ज्याचा मुलगा मेला तो बाप त्यात पक्षकार नसतो; फार तर साक्षीदार असतो. खटला कोणी चालवावा हे ठरवणार शासन. फौजदारी प्रक्रिया संहितेत झालेल्या आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताला स्वतःचा वकील देण्याची मुभा मिळाली, पण ती सरकारी वकिलाला साहाय्य करण्यापुरती. पीडिताच्या वकिलाने स्वतंत्रपणे साक्षीदार तपासू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. जमिनीवरचा खरा बदल झाला तो पुढे २०२२ मध्ये, जेव्हा त्याच न्यायालयाने तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे असा दंडक घातला. ही दारे एकेक करून उघडली आहेत ती वकिलांनी. शासनाने आपण होऊन त्यातले एकही उघडलेले नाही.

याच खटल्यातील एक प्रसंग पाहावा. जानेवारी २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की मृताचा दोष एवढाच की तो अन्य धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरावी लागेल. धर्माच्या नावाने त्यांना चिथावणी मिळाली होती. म्हणजे ज्या कारणाने गुन्ह्याचे गांभीर्य वाढावे, त्याच कारणाने आरोपींना सवलत! फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला आणि विविध धर्मांच्या या देशात न्यायालयांनी अशी भाषा वापरताना जपले पाहिजे अशी समज दिली. आज ही घटना सहज घडल्यासारखी वाटते. परंतु वरच्या न्यायालयाचे दार आपोआप उघडत नाही. कागद तयार करणारा, दिल्लीला जाणारा, उभा राहणारा कोणी वकील लागतो. तो मिळाला नसता, तर ते वाक्य कायद्याच्या ग्रंथांत दाखला म्हणून राहिले असते.

ही झाली मृताची बाजू. आरोपीच्या पिंजऱ्यात मुसलमान असतो तेव्हा तर वकील मिळणे याहूनही बिकट होते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलमधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाल्या. त्यांपैकी पाच फाशीच्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले आणि कबुलीजबाब छळ करून घेतल्याचा बचावपक्षाचा मुद्दा मान्य केला. त्यांतील एकजण २०२१ मध्ये तुरुंगातच मेला होता. उरलेल्यांची एकोणीस वर्षे गेली होती. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश त्या न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी दिला. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. मालेगावच्या २००६ मधील स्फोटांत पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. त्या स्फोटांत मेलेली माणसे बहुतांशी मुसलमानच होती, हे विसरू नये. लोकलच्या स्फोटांतील मृतांच्या नातेवाइकांना तरी काय मिळाले? चुकीचा माणूस तुरुंगात जातो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो. बचावाचा वकील हा म्हणून गुन्हेगाराचा साथीदार नव्हे. तो तपासयंत्रणेच्या आळसावर आणि खोटेपणावर समाजाने ठेवलेला पहारेकरी आहे.

हा पहारा देणाऱ्यांना काय किंमत मोजावी लागते? ॲड. शाहिद आझमी यांनी स्वतः टाडाखाली तुरुंगवास भोगला, तुरुंगात शिक्षण घेतले, पुढे वकील होऊन अशाच आरोपींची वकीलपत्रे घेतली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांचे वय होते ३२. त्यांचे एक अशील, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या खटल्यातील फहीम अन्सारी, तीन महिन्यांच्या आत निर्दोष सुटले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती सुटका कायम केली. वकील मेला, पण त्याचा मुद्दा खरा ठरला.

गोळीपर्यंत वेळ न जाताही काम भागते. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव देशातील अनेक वकील संघांनी केले. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सारे ठराव बेकायदा, घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाला आणि वकिलीच्या नीतीला सोडून असल्याचे जाहीर केले. तरीही कुजबुज थांबत नाही. ‘देशद्रोह्यांचा वकील’ ही शिवी स्वस्त आहे. शिवी देणाऱ्यांना १९४५ चा लाल किल्ला आठवत नाही. तेथे शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या तिघांवर राजद्रोहाचाच खटला चालला होता आणि त्यांच्या बचावासाठी भुलाभाई देसाई उभे राहिले होते. तेव्हा सरकारच्या लेखी देशद्रोही कोण होते?

प्रतिगाम्यांचे हे बोलणे अपेक्षितच आहे. अधिक विचार करायला लावतात ती पुरोगामी म्हणवणाऱ्यांची उत्तरे. पहिले उत्तर असे की, मुसलमानांनी आधी आपल्या समाजात सुधारणा कराव्यात. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्याला समाजवादी चळवळीचे बळ मिळाले आणि ते योग्यच होते. पण सुधारणा ही नागरी हक्कांची पूर्वअट कधीपासून झाली? घटस्फोटित शाहबानो यांच्या पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेले डॅनियल लतिफी हेच पुढे १९८६ च्या कायद्याला आव्हान देणारे ठरले. पतीविरुद्ध पोटगी मागणारी मुस्लिम स्त्री आणि खोट्या खटल्यात अडकलेला तिचा मुलगा या दोघांनाही एकच वस्तू हवी असते: घटनेने दिलेला हक्क, आणि तो मागणारा वकील. एकीला उभे करायचे आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर असे की, त्यांच्या संघटना हे काम करतातच. करतात, हे खरे आहे. जमियत उलेमा-ए-हिंदच्या कायदेशीर मदतीने कितीतरी गरीब आरोपींचे खटले लढवले गेले आहेत आणि त्याबद्दल त्या संघटनेचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु याचा राजकीय अर्थ काय होतो? नागरिकाला नागरिक म्हणून मिळायची मदत त्याला मुसलमान म्हणून, धर्मसंस्थेच्या हातून मिळते. ज्या धर्मनेतृत्वाची पकड सैल व्हावी असे पुरोगाम्यांना वाटते, तीच पकड त्यांच्या गैरहजेरीने घट्ट होते. आणि जातीयवादी मंडळींना म्हणायला मोकळीक मिळते की पाहा, हे आपले वेगळेच आहेत.

तिसरे उत्तर खास डाव्यांचे: आर्थिक प्रश्न सुटला की हे सारे सुटेल. सोलापुरातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. कमावता मुलगा पकडला गेला की त्याची मजुरी बंद; तारखेला जाणाऱ्या बापाचा किंवा भावाचा खाडा; वकिलाची फी, नकलांचा खर्च, प्रवास; आणि या सर्वांसाठी सावकार, कारण खटल्यासाठी कर्ज देणारी बँक नाही. असे घर चार-पाच वर्षांत दोन पिढ्या मागे जाते. अन्याय हा दारिद्र्याचा परिणाम असतो तसाच तो दारिद्र्याचा कारखानाही असतो. कामाच्या तासांसाठी लढणाऱ्या संघटनेने कामगाराच्या स्वातंत्र्याला आपल्या कक्षेबाहेर ठेवले, तर तिने अर्धाच कामगार संघटित केला असे म्हणावे लागेल.

या चळवळीला नागरी स्वातंत्र्याची महती कोणी शिकवायला नको. आणीबाणीत तिचे नेते आणि कार्यकर्ते विनाचौकशी गजाआड होते, तेव्हा जयप्रकाशांच्या प्रेरणेने १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना उभी राहिली आणि न्यायमूर्तिपद सोडून आलेले वि. म. तारकुंडे यांनी तिच्यासाठी आपली वकिली पणाला लावली. स्वतःचे लोक तुरुंगात असताना जे तत्त्व प्राणापलीकडचे वाटले, ते दुसऱ्याचा मुलगा तुरुंगात असताना गौण वाटत असेल, तर ते तत्त्व नव्हते, सोय होती.

आणि सोलापूरला तर याची आठवण करून द्यायची गरज पडू नये. १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एका दोरावर मुसलमानाचे नाव आहे म्हणून त्या दिवशी कोणी हिशेब वेगळा मांडला नव्हता. त्या चौघांची जयंती-पुण्यतिथी करणाऱ्या शहरातील किती पक्षांनी पुण्याच्या न्यायालयात मोहसीनच्या खटल्याच्या तारखा मोजल्या?

निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. आता करायचे काम लहान, कंटाळवाणे आणि सततचे आहे. १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार प्रत्येक स्त्री, औद्योगिक कामगार आणि अटकेतील प्रत्येक व्यक्ती मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहे. सोलापूरच्या बिडी कामगार बाईला आणि यंत्रमाग कामगाराला हे सांगणारा कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत हवा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये जमावाच्या हिंसेविषयी निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी, शक्यतो सहा महिन्यांत खटला, पीडिताच्या कुटुंबाला जामिनाच्या सुनावणीची सूचना, साहाय्य मंडळाच्या यादीतून आपल्या पसंतीचा मोफत वकील. जिल्ह्यात यातले काय अमलात आले, हे लेखी विचारले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, भाषा यांसारख्या कारणाने केलेल्या खुनासाठी स्वतंत्र कलम आले आहे. पहिल्या फिर्यादीत ते लागते की नाही, हे त्याच रात्री ठाण्यात उभे राहून पाहिले पाहिजे. साक्षीदाराला गाडीभाडे, एका दिवसाची मजुरी आणि सोबत दिली पाहिजे. कारण साक्षीदार फुटतात ते नेहमी पैशाने नव्हे, बहुधा एकटेपणाने.

या कामासाठी सर्व धर्मांच्या वकिलांची एक स्थायी समिती आणि प्रत्येक सभासदाच्या वर्गणीतला ठरलेला वाटा, एवढे भांडवल पुरे आहे. कामगार संघटनांनी, महिला संघटनांनी आणि पक्षाच्या शाखांनी मिळून ते उभे करावे. पुढचे वकीलपत्र कोणत्या घरातून येईल हे सांगता येत नाही. ते आले, तर घेणारा हात आधीच तयार असला पाहिजे.