मनस्तापाची नोंद

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो आणि चिंचपोकळीतील आमच्या चाळीत संपकऱ्यांच्या घरी धान्य पोहोचविण्याचे काम करीत होतो. कोणाकडे खाणारी माणसे किती, वाण्याची उधारी किती, हे सारे आमच्या वहीत असे. त्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींना चौथ्यांदा दिवस गेले. पगार बंद, मंगळसूत्र गहाण, एका खोलीत सात माणसे. त्या हळूहळू बोलेनाशा झाल्या. नळावर नंबर आला तरी रिकामा हंडा घेऊन तशाच उभ्या राहत. आम्ही वहीत नोंद केली ती एवढीच : एक माणूस वाढणार.

पुष्कळ वर्षांनी त्या मला म्हणाल्या, “भावोजी, धान्य तुम्ही वेळेवर आणलंत. तो मुलगाच आज मला सांभाळतो. पण तेव्हा मला झेपेल का, असं एकानंही विचारलं नाही.”

ही चूक आमच्या वहीपुरती नव्हती. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून ‘नियोजन’ हा शब्द मी आयुष्यभर शिकविला. सरकारनेही कुटुंबाचे नियोजन आरंभिले. परंतु ते आकड्यांचे होते. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीने त्या आकड्यांची किंमत देशाला दाखवून दिली. स्त्रीच्या मनाला मात्र त्या हिशेबात रकानाच नव्हता.

कायद्याला हे मन अगदीच दिसले नाही, असे म्हणता येणार नाही. शांतिलाल शाह समितीच्या १९६६ च्या अहवालानंतर १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरून विवाहितेला नको असलेली गर्भधारणा झाल्यास, तिचा मनस्ताप ही मानसिक आरोग्याची गंभीर हानी मानता येईल, असे त्यात नमूद होते. २०२१ च्या दुरुस्तीने विवाहाची ही अट काढली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद घटनेला धरून नाही, असे सांगितले. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीच्या सहीची अट कायद्यात नाही.

परंतु कायद्यात मनस्ताप आला तो गर्भपाताला परवानगी देण्याचे कारण म्हणून. कागदावर सही झाली की त्याचे काम संपते. जी स्त्री गर्भ ठेवावयाचे ठरविते, किंवा जिच्या वतीने घरचेच ठरवितात, तिच्या मनस्तापाची तर कोठेच नोंद होत नाही. ‘मूल झाले की सारे ठीक होईल’ एवढ्यावर तिची बोळवण होते.

काही सहकारी म्हणतील, आधी पगार आणि घरे. मनाचे दुखणे ही सुखवस्तूंची चैन. मला हे मान्य नाही. अमेरिकेत सुमारे एक हजार स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेणाऱ्या ‘टर्नअवे’ अभ्यासात असे आढळले की, ज्यांना गर्भपात नाकारला गेला त्यांची चिंता प्रारंभी अधिक होती आणि पुढे कित्येक वर्षे त्या अधिक आर्थिक ओढग्रस्तीत राहिल्या. दारिद्र्य आणि मनस्ताप परस्परांना पोसतात. शिवाय हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला होता आणि मातृत्व स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, अशीच त्यामागील भूमिका होती. प्रस्ताव फेटाळला गेला. ते काम अद्याप अपुरे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. वस्तीत दिवस गेलेल्या स्त्रीला प्रथम विचारा, तिला स्वतःला काय हवे आहे. आणि ते सासू वा नवऱ्यासमोर नव्हे, एकटीला विचारा. उपदेश करू नका. तिने कोणताही निर्णय घेतला तरी दवाखान्यात तिच्यासोबत जा, आणि गर्भपातासाठी नवऱ्याची सही मागितली गेल्यास कायदा दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. हे तिला सांगा, आणि प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर पुन्हा एकदा तिच्या दारी जा.

आमच्या वहीत धान्याचा हिशेब चोख होता. तो ठेवावाच लागतो. त्याच पानावर हा दुसरा प्रश्न लिहिण्यास मला चाळीस वर्षे लागली. आपण इतका उशीर करू नये.