कळफलकातील वर्णमाला आणि सोलापूर

मराठी टंकलेखनाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. रोमन अक्षरांतून लिहावे, की देवनागरी कळफलक शिकावा? बहुतेकांचा कौल रोमनच्या बाजूने असतो, आणि सोय पाहता तो समजण्यासारखाही आहे. सोलापुरात मात्र या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. त्याआधीच्या टंकलेखन यंत्राचा कळफलक अक्षरांच्या आकारावर बेतलेला होता: अर्धे अक्षर एका कळीवर, काना दुसरीवर. यंत्राची ती गरजच होती. इनस्क्रिप्टने आकार सोडून उच्चार धरला. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली 'क', शिफ्टसह 'ख'. तेच बोट वरच्या ओळीत नेले की 'ग', आणि शिफ्टसह 'घ'. अनामिकेकडे याच रीतीने त, थ, द, ध. तर्जनी डावीकडे सरकवली की प, फ, ब, भ. च आणि ट हे वर्ग करंगळीकडे. म्हणजे अघोष मधल्या ओळीत, घोष वर, महाप्राण शिफ्टवर. डावीकडेही ऱ्हस्व इकार-उकार मधल्या ओळीत आणि दीर्घ त्यांच्या डोक्यावर. लहानपणी घोकलेली वर्णमालाच बोटांखाली मांडली आहे. आराखडा निर्दोष नाही: ण, न, म यांना आपापल्या वर्गांतून उचलून डाव्या हाताखाली ठेवले आहे, आणि य, र, ल, व यांच्या जागा सरळ पाठच कराव्या लागतात.

ही वर्णमाला एकट्या मराठीची नाही. कन्नड आणि तेलुगू कळफलकांवरही 'क' त्याच बोटाखाली आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातील त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. 'सिद्धराम' हे नाव मराठीत टंकायला आठ कळा लागतात: स, इकार, द, हलन्त, ध, र, काना, म. भाषा बदलून त्याच आठ कळा त्याच क्रमाने दाबा. पडद्यावर तेच नाव कन्नड लिपीत उमटते. तेलुगू निवडली तर तेलुगूत. या दोन भाषांना लागणारे ऱ्हस्व ए आणि ओ डाव्या काठावरच्या कळांवर आहेत, तेवढे वेगळे शिकावे लागतात.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या या शहरात घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी मुले आहेत. आजीशी बोलण्याची भाषा त्यांना येते. तिची लिपी पुष्कळदा येत नाही. अशा मुलाला मराठी इनस्क्रिप्ट येत असेल, तर घरातला शब्द तो बोटांनी उच्चारेल आणि त्याचे तेलुगू रूप समोर पाहील. अक्षरओळखीची ही उलटी वाट आहे, पण वाट आहे. रोमनमधून ती मिळत नाही. तिथे 'के-ए-एल' या तीन अक्षरांत कल, कळ, काल आणि काळ असे चौघे दाटीवाटीने राहतात, आणि कोणाला बाहेर काढायचे हे यंत्र सुचवते. 'ळ' आणि 'ल' वेगळे आहेत हे बोटांना कळतच नाही.

वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. रोमनमधून पहिल्याच मिनिटाला वाक्य लिहिता येते. इथे पहिले काही दिवस चिडचिडीचे जातात. पण एका भाषेसाठी घेतलेले हे कष्ट तीन भाषांना पुरत असतील, तर हिशेब पुन्हा मांडायला हवा. पुण्यातल्या मुलाला तो कदाचित परवडणार नाही; सोलापूर, अक्कलकोटच्या मुलाला परवडतो. शाळांच्या संगणक कक्षांत हा प्रयोग करण्यास वेगळा खर्चही नाही, कारण विंडोज आणि लिनक्स या दोहोंत हा कळफलक असतोच. फक्त भाषेच्या सेटिंगमधून सुरू करावा लागतो.

उर्दू मात्र या रचनेबाहेर राहते. तिची लिपी या वर्णक्रमावर उभी नाही. सोलापुरातल्या उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठीसाठी इनस्क्रिप्ट उपयोगी पडेल, पण घरच्या भाषेसाठी त्याला दुसरा कळफलक मुळापासूनच शिकावा लागेल.