भुईचाफ्याची विश्रांती जपा

नोव्हेंबर उजाडला की भुईचाफ्याची पाने कडेने पिवळी पडू लागतात आणि रोपवाटिकांचे फोन खणखणू लागतात. ‘रोपे मेली, बदलून द्या,’ ही ग्राहकाची तक्रार. तिकडे माळी घाबरून पाणी वाढवतो आणि निजलेला कंद खरोखरच सडतो. हे नुकसान टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

भुईचाफा, म्हणजे केम्फेरिया रोटुंडा, हा आले-हळदीच्या कुळातला, जेमतेम गुडघ्याएवढा वाढणारा बहुवर्षायू कंद. मार्च-एप्रिलमध्ये पानांचा पत्ता नसताना थेट मातीतून त्याची पांढरी-जांभळी सुगंधी फुले वर येतात. एकेक फूल अल्पायुषी असते, पण मागोमाग नव्या कळ्या येत राहतात. मग पाने फुटतात : वरच्या बाजूला फिकट-गडद हिरवी नक्षी, खालून जांभळी झाक. मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत, जिथे गुलाब आणि झेंडू रुसतात, तिथे हे झाड सुखाने नांदते.

त्याला ओल हवी, पण मुळांशी हवाही खेळती हवी. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोट टोचताच तो फुटावा, इतकीच ओल पुरे. देशावरच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचते. तिथे लाल माती, कुजलेले शेणखत आणि पाचोळ्याचे खत घालून गादीवाफाच करावा. कोकणच्या जांभ्या मातीत निचरा चांगला, पण ओल लवकर उडते; तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन हवे.

पाने हिरवी आहेत तोवर माती सुकू देऊ नका. पाने पिवळी पडली की पाणी तोडा. त्यासाठी या वाफ्याच्या ठिबकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर शेजारच्या हिरवळीचे पाणी कंदाच्या मुळावर येते. फेब्रुवारीत, फुटवा येण्याआधी, कंद विभागा. प्रत्येक तुकड्याला जिवंत डोळा असावा आणि मुळांना लोंबणाऱ्या मांसल गाठी शाबूत राहाव्यात; वाढीचा बराचसा साठा त्यांत असतो. लागवड दोन-तीन बोटे खोल, वीतभर अंतरावर करावी.

रोपवाटिकाधारकांनी कुंडीवर फुलांच्या फोटोशेजारी ‘हिवाळ्यात पाने झडतात, पाणी देऊ नये’ एवढी ओळ मराठीत छापावी. उद्यानांची कंत्राटे घेणाऱ्यांनी विश्रांतीचे महिने देखभालीच्या वेळापत्रकात लिहून द्यावेत आणि वाफ्यावर खुणेची पाटी रोवावी. रोप विकताना त्याचे पुरे वर्ष ग्राहकाला समजावून सांगणे, हा आपल्या धंद्याचाच भाग आहे.