विद्येचा ओघ कोणत्या दिशेने?

अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारा ‘ओपन डोअर्स’ हा वार्षिक अहवाल नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्याकडे त्याचे कौतुकच झाले. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात तेथील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजार ६०२वर पोहोचली आणि २००९नंतर प्रथमच भारताने चीनला मागे टाकले. पुढच्याच वर्षी ही संख्या ३ लाख ६३ हजारांवर गेली. कोठेही पहिला क्रमांक आला की अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण हा पहिला क्रमांक आपली बुद्धिमान मुले देशाबाहेर पाठविण्यातला आहे, याचा विसर पडू देता कामा नये.

आकड्यांच्या पोटात शिरले की चित्र आणखी बदलते. २०२४-२५मध्ये अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी सुमारे १ लाख ९७ हजारांवरून १ लाख ७८ हजारांवर घसरले. वाढले ते शिक्षण संपवून ‘ओपीटी’च्या सवलतीवर तात्पुरती नोकरी करणारे, ते ९७ हजारांवरून १ लाख ४३ हजारांवर गेले. म्हणजे एकूण बेरीज फुगलेली दिसते ती आधी गेलेल्यांमुळे. नव्याने जाणाऱ्यांचा ओघ आटू लागला आहे.

तो आटण्याची कारणे यजमान देशांच्या धोरणांत आहेत. जानेवारी २०२४मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून ब्रिटनने, संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता, बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंबीयांना सोबत नेण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४मध्ये व्हिसाचे शुल्क दुपटीहून अधिक वाढविले. अमेरिकेने मे-जून २०२५मध्ये काही आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेच थांबविले आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावले. या देशांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक राष्ट्र आपले हित पाहणारच. प्रश्न आहे तो राहते घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाचा. तिकडे नोकरी मिळेल आणि डॉलरमधून हप्ते फिटतील, हे या कर्जामागचे गृहीतक असते. ते गृहीतकच परक्या सरकारच्या एका आदेशाने कोसळू शकते.

परदेशी शिक्षणाला विरोध करण्याचे कारण नाही. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या मायदेशी परतून स्त्रियांची सेवा करण्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या शिष्यवृत्तीला बडोदा संस्थानाच्या सेवेची अट होती. जे येथे मिळत नाही ते आणावे आणि समाजाला द्यावे, ही त्या जाण्यामागची दृष्टी होती. आज अनेकजण जातात ते येथे जागाच नाही म्हणून. २०२४मध्ये ‘नीट’ परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आतच होत्या. २०२२मध्ये युक्रेनच्या युद्धभूमीतून ‘ऑपरेशन गंगा’द्वारे आपल्या हजारो मुलांना परत आणावे लागले, तेव्हा या टंचाईचे दर्शन साऱ्या देशाला घडले.

आता उलट बाजू पाहू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२मध्ये भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी होते अवघे ४६ हजार ८७८, आणि त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक एकट्या नेपाळचे. ज्या भूमीत ह्युएन त्संग आणि इत्सिंग नालंदेत वर्षानुवर्षे राहून शिकले, तिला ही संख्या शोभणारी नाही.

प्रयत्न सुरू आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१८मध्ये ‘स्टडी इन इंडिया’ उपक्रम आला. आयआयटी मद्रासने २०२३मध्ये झांझिबारला शाखा उघडली. जून २०२५मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत केंद्रे उघडण्यासाठी इरादापत्रे मिळाली. परंतु परदेशी विद्यापीठाची पाटी लागली म्हणजे ज्ञान आले, असे होत नाही. आपल्या विद्यापीठांतील प्राध्यापकांची रिक्त पदे भरणे, संशोधनाला पैसा देणे, वसतिगृहे उभारणे, ही कामे कोणी बाहेरून येऊन करणार नाही.

आणि एक काम सरकारचे नाही, समाजाचे आहे. परदेशी विद्यार्थ्यांना मदतीचा हात देण्याच्या कल्पनेतूनच १९७१मध्ये डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पुण्यात ‘सिम्बायोसिस’ची स्थापना केली. आज आफ्रिकेतून वा शेजारी देशातून आलेल्या मुलाला भाड्याने खोली देताना, सणाला घरी बोलावताना आपण तेवढे मोकळे मन दाखवतो काय? येथून पदवी घेऊन गेलेला प्रत्येक विद्यार्थी त्याच्या देशात भारताचा दूत होतो. वाईट अनुभव घेऊन गेलेलाही बोलतोच.

मुलांना परदेशी पाठविण्यापूर्वी पालकांनी कर्जाचा आणि परतीचा हिशेब मांडावा. आणि राष्ट्र म्हणून आपण किती मुले बाहेर पाठविली यापेक्षा, जगातून किती मुले आपल्याकडे शिकायला आली, हा आकडा मोजायला शिकावे. विश्वगुरू ही पदवी स्वतःच स्वतःला देता येत नाही. ती शिष्यांनी द्यायची असते.