पाहावा असा चित्रपट : विवेकावांचून विद्या

नायक म्हटला कीं तो शूर, सत्यवचनी आणि दीनांचा कैवारी असावयाचा, ही आपली जुनी अपेक्षा. क्वचित् त्याचें पाऊल वांकडें पडलें, तरी अखेरीस त्यास पश्चात्ताप झालाच पाहिजे. एरवीं आपलें समाधान होत नाहीं. हें समाधान मुळींच न देणाऱ्या एका जपानी चित्रपटाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें.

किहाची ओकामोतो यांनीं १९६६ सालीं दिग्दर्शित केलेल्या या कृष्णधवल चित्रपटाचें मूळ नांव ‘दाइ-बोसात्सु तोगे’. इंग्रजी नांव ‘द सोर्ड ऑफ डूम’. ‘बोसात्सु’ हें आपल्या ‘बोधिसत्त्व’ शब्दाचेंच जपानी रूप. तेव्हां नांवाचा अर्थ ‘महाबोधिसत्त्वाचा घाट’. बोधिसत्त्व म्हणजे करुणेची मूर्ति; पण त्याच्या नांवाच्या घाटावर कथेचा आरंभ होतो तो निष्कारण हत्येनें. काळ १८६० चा. शोगुनांची सत्ता ढांसळूं लागलेली. एक वृद्ध यात्रेकरू, नात पाणी आणावयास गेली असतां, आपलें ओझें तिच्या माथ्यावरून उतरावें म्हणून मरण मागत असतो. ऱ्यूनोसुके हा तरुण सामुराई तें ऐकतो आणि एका घावासरशी त्याचा प्राण घेतो. ना वैर, ना लोभ! तात्सुया नाकादाई यांनीं या भूमिकेंत डोळ्यांतील जी थंड शून्यता दाखविली आहे, ती पाहतांना अंगावर कांटा येतो.

ऱ्यूनोसुकेची तलवारविद्या अव्वल. पण त्याच्या आजारी पित्यास तिचें कौतुक नाहीं, तिच्यांतील क्रौर्याची भीति वाटते. पुढें एका हिमवृष्टीच्या रात्रीं ऱ्यूनोसुकेचे सोबती भलत्याच माणसावर चाल करून जातात. तो निघतो तलवारविद्येचा आचार्य शिमादा. ही भूमिका तोशिरो मिफुने यांची. शिमादा एकटा साऱ्यांस लोळवितो, पण मुद्रेवर विजयाचा हर्ष नाहीं. जीव घ्यावे लागल्याचा विषादच आहे. मन दुष्ट तर तलवारहि दुष्ट, असें तो बजावतो, आणि ऱ्यूनोसुके जागच्या जागीं खिळून राहतो. कौशल्य दोघांचेंहि मोठें. अंतर आहे तें मनाचें.

काइझान नाकाझातो यांची मूळ कादंबरी १९१३ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली व १९४४ सालीं त्यांच्या निधनासमयीं अपुरीच होती. चित्रपटाचे नियोजित पुढील भागहि निघाले नाहींत. त्यामुळें सूडाचें कथानक अर्ध्यावरच राहतें, आणि भ्रमिष्ट झालेला ऱ्यूनोसुके तलवार चालवीत असतांनाच पडद्यावरील चित्र एकाएकीं थिजतें. कित्येकांस हा दोष वाटेल. आमच्या मतें, ज्यास थांबणें ठाऊक नाहीं, त्याच्या कथेस असाच शेवट शोभतो.

चित्रपटांत रक्तपात पुष्कळ आहे, एका असहाय स्त्रीची विटंबनाहि आहे. म्हणून लहान मुलांस तो दाखवूं नये. कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं मात्र वडीलमाणसांसह तो अवश्य पाहावा, आणि मग घरांत त्यावर मोकळेपणीं बोलणें व्हावें. मुलांचीं पदकें आणि पदव्या आपण घरोघर मोजतों. त्या विद्येमागचें मन कसें घडत आहे, हें पाहण्याची आठवण आपणांस कितीदां होते? ऱ्यूनोसुकेच्या पित्यास ती झाली. पण तोंवर मुलगा हाताबाहेर गेला होता.