पाहुण्या आवाजावर कंपनीचा पहारा

अमेरिकेतील ‘क्लिप्स’ या रॅपर बंधूंच्या जोडीचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ हा अल्बम जुलै २०२५ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा त्यातील गाण्यांइतकीच चर्चा झाली ती त्याच्या प्रकाशनामागील तंट्याची. ‘चेन्स अँड व्हिप्स’ या गाण्यात केंड्रिक लमार याने पाहुणा कलावंत म्हणून एक कडवे म्हटले आहे. हे कडवे सौम्य करून घ्यावे, ते जमत नसेल तर गाणेच वगळावे, अशी मागणी युनिव्हर्सल म्युझिक समूहातील ‘डेफ जॅम’ कंपनीच्या बाजूने झाल्याचे जोडीतील पुशा टी याने जाहीर मुलाखतीत सांगितले. दोघा भावांनी नकार दिला, मोठी रक्कम मोजून करारातून सुटका करून घेतली आणि अल्बम ‘रॉक नेशन’मार्फत वितरित केला. कडवे जसे होते तसेच राहिले. पुढे या अल्बमला ग्रॅमीच्या ‘वर्षातील सर्वोत्तम अल्बम’ या गटात नामांकनही मिळाले.

या मागणीला २०२४ मधील केंड्रिक लमार आणि ड्रेक यांच्यातील शाब्दिक युद्धाची पार्श्वभूमी होती. एकमेकांवर गाण्यांमधून तुटून पडलेल्या या दोन्ही कलावंतांची गाणी युनिव्हर्सल समूहाच्याच कंपन्या बाजारात आणत होत्या. त्या वादातील एका गाण्यामुळे आपली बदनामी झाली, असा दावा ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये थेट युनिव्हर्सलविरुद्ध दाखल केला. न्यूयॉर्कमधील न्यायालयाने तो ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळला. मात्र अल्बमचे काम चालू असताना या संघर्षाचे सावट कंपनीवर होते, हे उघड आहे. भांडण तिसऱ्याचेच आणि कात्री लावायची ती पाहुण्याच्या कडव्याला, असा हा प्रकार होता.

रॅप संगीताशी परिचय नसलेल्या वाचकाला एका कडव्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या संगीताच्या घडणीत आहे. आपल्याकडील कलगी-तुऱ्यात एका फडाच्या शाहिराने टाकलेला सवाल दुसऱ्याच्या जबाबावाचून अपुरा राहतो. रॅपमध्येही पाहुण्याचे कडवे हे यजमानाच्या कडव्याला दिलेले उत्तर असते. ते काढले, की उरते ते एकतर्फी बोलणे. म्हणूनच या संगीतात पाहुण्याला मान आहे, आणि त्याच्या आवाजावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही इथे इतर कोणत्याही संगीतप्रकारापेक्षा अधिक वेळा उभा राहतो.

हा हक्क ठरतो करारावरून. एखादा गायक कंपनीशी करारबद्ध होतो तेव्हा ठराविक मुदतीत तो केवळ तिच्यासाठीच ध्वनिमुद्रण करील, असे एक कलम त्यात बहुधा असते. त्यामुळे मित्राच्या अल्बममध्ये एक कडवे म्हणायचे झाले, तरी त्याला स्वतःच्या कंपनीची संमती लागते. अल्बमच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत पाहुण्याच्या नावापुढे ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ असे छापलेले असते, ते या संमतीचेच निदर्शक. हे सौजन्य अनेकदा सशर्त असते. गाणे अल्बममध्ये चालेल, पण ते स्वतंत्र काढू नये किंवा त्याची चित्रफीत करू नये, अशाही अटी घातल्या जातात. आणि संमती मिळालीच नाही, तर तयार झालेले गाणे कपाटात जाते किंवा पाहुण्याचा आवाज पुसून नव्याने बांधले जाते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘आउटकास्ट’ या अटलांटाच्या जोडीचे आहे. बिग बॉय आणि आंद्रे ३००० या दोघांचा पहिला अल्बम १९९४ मध्ये आला. ‘स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो’ या त्यांच्या २००३ मधील जोड-अल्बमला पुढील वर्षी ‘वर्षातील सर्वोत्तम अल्बम’चे ग्रॅमी मिळाले. त्यानंतर बिग बॉयने स्वतःचा एकल अल्बम करायला घेतला आणि तो सोनी समूहातील ‘जाइव्ह’मधून बाहेर पडून डेफ जॅमकडे गेला. त्या वेळी या कंपनीच्या वरच्या पदावर होते एल. ए. रीड, म्हणजे आउटकास्टला पहिली संधी देणाऱ्या ‘लाफेस’ या कंपनीचे सहसंस्थापक. जुन्या जोडीदाराबरोबर काही गाणी करून ठेवलेली होती. त्यांपैकी ‘रॉयल फ्लश’ हे गाणे २००८ मध्ये लोकांसमोर आले होते आणि त्याला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले होते.

तथापि ‘सर ल्युशियस लेफ्ट फुट’ हा अल्बम जुलै २०१० मध्ये प्रत्यक्षात हाती आला, तेव्हा त्यात आंद्रेचा आवाज कुठेच नव्हता. हे दोघे एकत्र आले, की ते गाणे आउटकास्टचे होते आणि आउटकास्टवर हक्क आपला आहे, अशी भूमिका घेऊन जाइव्हने परवानगी नाकारली होती. गंमत अशी, की त्याच अल्बममधील ‘यू एन्ट नो डीजे’ या गाण्याचा संगीत-निर्माता म्हणून आंद्रेचे नाव आहे. त्याने बांधलेले संगीत चालले, त्याचा आवाज मात्र चालला नाही. सोळा वर्षे एकत्र गाणाऱ्या दोन मित्रांना एका अल्बममध्ये एकत्र येता आले नाही, आणि हा निर्णय त्या दोघांपैकी कोणाचाही नव्हता.

क्लिप्सनाही जाइव्हचा अनुभव आहे. सोनी आणि बीएमजी या कंपन्यांचे २००४ मध्ये विलीनीकरण झाले, तेव्हा ही जोडी आपसूक जाइव्हच्या ताब्यात गेली. त्यांनी मुक्तता मागितली, प्रकरण न्यायालयात गेले आणि ‘हेल हॅथ नो फ्युरी’ हा तयार होत असलेला अल्बम रखडत २००६ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आला. जवळपास दोन दशकांनंतर हेच भाऊ पैसे मोजून कडवे वाचवतात, यामागे हा कटू पूर्वानुभव नसेलच असे नाही.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. नवोदिताला ओळख मिळवून देण्यासाठी त्या पैसा ओततात, धोका पत्करतात. उद्या तो प्रसिद्ध झाल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या अल्बममध्ये फुकट गाऊ लागला, तर गुंतवणूक वसूल कशी व्हायची? हा युक्तिवाद निराधार नाही. परंतु तो संमतीचा मोबदला मागण्यास पुरेसा आहे, आवाज बंद करण्यास नव्हे. शिवाय आउटकास्टच्या बाबतीत ज्या भावी अल्बमसाठी हा आवाज राखून ठेवला, तो आलाच नाही. २००६ च्या ‘आयडलवाइल्ड’नंतर या जोडीचा एकही नवा अल्बम निघालेला नाही. जाइव्ह हे नावही सोनीने २०११ मध्ये बंद केले.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो रॅपच्याच इतिहासात आहे. न्यूयॉर्कच्या ‘वू-टँग क्लॅन’ या समूहाने १९९३ मध्ये ‘लाउड’ कंपनीशी करार करताना समूह म्हणून सही केली. पण प्रत्येक सदस्याला एकल अल्बमसाठी अन्य कंपनीकडे जाण्याची मुभा राखून ठेवली. त्यानुसार मेथड मॅन डेफ जॅमकडे, जीझेडए ‘गेफेन’कडे आणि ओल डर्टी बास्टर्ड ‘इलेक्ट्रा’कडे गेला. तरीही ते एकमेकांच्या अल्बममध्ये गात राहिले. आरझेडए या त्यांच्या म्होरक्याने जे मिळवले, ते सही करण्यापूर्वी मागितले म्हणून मिळाले. पण पहिल्या कराराच्या वेळी एवढी ताकद किती जणांकडे असते?

आज हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. पूर्वी तबकडी एकदा छापली, की ती बदलता येत नसे. कान्ये वेस्टने २०१६ मध्ये ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ प्रकाशित झाल्यानंतर ‘वुल्व्ह्ज’ या गाण्यातील पाहुणे बदलले. सिया आणि विक मेन्सा यांचे आवाज आत आले आणि फ्रँक ओशनचा भाग स्वतंत्र झाला. तो बदल कंपनीच्या वादातून झालेला नव्हता, कलावंताच्या मर्जीने झाला होता. परंतु श्रोत्याच्या संग्रहातले गाणे त्याच्या नकळत बदलू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. हेच साधन उद्या वादात अडकलेल्या कंपनीच्याही हाती असेल.

अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो? भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८-ब आले आणि सादरकर्त्याला आपले नाव लावले जाण्याचा, तसेच प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्क मिळाला. संपादनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी एखादा भाग नुसता काढून टाकणे मात्र अशी बाधा मानली जात नाही. म्हणजे आपल्या कायद्यातही वगळलेल्या कडव्याला संरक्षण तोकडेच आहे. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात तर १९९० मध्ये आलेला असा स्पष्ट नैतिक हक्क दृश्यकलेपुरताच मर्यादित आहे.

तेव्हा निर्णय अखेर करारातच व्हायला हवा. पाहुणा म्हणून गाण्याची मुभा, संमतीसाठी ठराविक मुदत, नकार असल्यास लेखी कारण आणि मोबदल्याचा आगाऊ ठरलेला दर, एवढ्या चार गोष्टी पहिल्याच करारात आल्या, तरी पुष्कळ तंटे टळतील. क्लिप्सपाशी सुटका विकत घेण्याइतका पैसा आणि नावलौकिक होता. ज्यांच्यापाशी तो नाही, अशा गायकांची कडवी गुपचूप वगळली जातात, आणि ती कधी म्हटली गेली होती हेही श्रोत्याला कळत नाही.