कोल्ह्याची शिकार आणि जमीनमालकाचे आभार

विलायतेतील शिकारी मंडळ्यांची एक जुनी चाल आहे. हिवाळी हंगाम आटोपला म्हणजे मंडळीचे चालक आपल्या टापूतील जमीनमालकांचे, शेतकऱ्यांचे आणि पाठीराख्यांचे जाहीर आभार मानतात. तुम्ही शेतांतून घोडी व कुत्री जाऊ दिलीत म्हणून आमचा खेळ चालला, असा त्या आभारांचा मतलब. कोठे जेवण घालतात, कोठे वसंत ऋतूत घोड्यांच्या शर्यती भरवून शेतकऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावतात.

हे वाचून पनवेल तालुक्यातील आमच्या आगरी, कुणबी, कोळी, कराडी बांधवांना हसू आल्याखेरीज राहणार नाही. आपल्या शेतातून कोणी गेला आणि जाताना आभार मानून गेला, असे आपल्या चार पिढ्यांत कोणाच्या अनुभवास आले आहे काय? खोताचा कारकून आला, मोजणीदार आला, रस्त्याच्या खुणा रोवणारा आला. सारे बांध तुडवून गेले. आभार राहू द्या, पायाखाली काय आहे एवढे पाहण्याचीही कोणास गरज वाटली नाही. मग इंग्रज शेतकऱ्याच्या अंगी असे काय आहे की, लाल डगलेवाले सरदार त्याच्यापुढे टोपी काढतात?

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. पुढे जीव घेऊन पळणारे एक खोकड, त्याच्यामागे तीस-चाळीस कुत्र्यांची टोळी, आणि कुत्र्यांमागे घोडेस्वार. कुत्री वासावर धावतात, माणसे कुत्र्यांवर नजर ठेवून धावतात, कुंपण आले की घोडा उडवतात. खोकड सापडले तर कुत्री त्याच्या चिंध्या करतात. त्याचे मांस कोणी खात नाही. धावणे हेच सुख. ह्या प्रकारावर स्कॉटलंडने २००२ साली, आणि इंग्लंड व वेल्ससाठी पार्लमेंटाने २००४ साली बंदीचा कायदा केला. हा दुसरा कायदा फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. त्यानंतर तिकडच्या मंडळ्या आधी ओढून ठेवलेल्या कृत्रिम वासामागे कुत्री सोडू लागल्या. त्या आडून खरे खोकड मारले जाते, अशी विरोधकांची ओरड आहे. तो तंटा त्यांचा त्यांनी तोडावा. आम्हाला पाहावयाचे आहेत ते आभार.

इंग्रज गृहस्थ जात्याच गोडबोल्या म्हणून आभार मानतो, असे कोणी समजू नये. तिकडच्या शेतकऱ्याच्या हाती काटेरी तार आहे. त्याने कुंपणात एक तार ओढली की उडी मारणारा घोडा फाडला जातो आणि स्वार मानेवर पडतो. म्हणून मंडळ्यांनी वर्गणी काढून खास निधी उभारले. हंगामापुरती तार काढावयाची, हंगाम संपला की पुन्हा लावून द्यावयाची, खर्च मंडळीचा. खोकडाने कोंबड्या नेल्या तर त्यांची भरपाई देण्यासाठी वेगळा निधी. खोकड मारले जाऊ नये, ते शिकारीसाठी राखले जावे, म्हणून कोंबडीचे पैसे! म्हणजे ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याचेच आभार मानले गेले.

हे बळ तिकडच्या कुळालाही आयते मिळालेले नाही. शिकारीचा हक्क मालकाने आपल्याकडे राखून ठेवला असला, तर ससे पीक खाऊन फस्त करीत असताना कुळाने नुसते पाहत राहावे, अशी १८८० सालापर्यंत तिकडची स्थिती होती. त्या साली कायदा झाला आणि आपल्या कसणुकीतील ससे मारण्याचा हक्क कुळाला मिळाला. करारनामा लिहून घेऊनसुद्धा मालकाला तो काढून घेता येऊ नये, अशी त्यात तजवीज होती.

आता ह्याच राज्याचा दुसरा हात पाहा. आपल्या घरच्या कुळाला पीक राखण्याचा हक्क देण्याच्या दोनच वर्षे आधी, १८७८ साली, इकडे हत्यारांचा कायदा करून परवान्यावाचून बंदूक बाळगणे त्याने गुन्हा ठरविले. रानडुकरे शेतात, आणि शेतकऱ्याच्या हाती गोफण. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात हा विषय सुटलेला नाही. शेत राखण्याचे साधन सरकारने काढून घ्यावयाचे आणि नुकसान मात्र शेतकऱ्याने सोसावयाचे, हा कोणता न्याय, अशी त्यांची विचारणा होती. पाटीवर हिशोब मांडावा इतका तो सरळ प्रश्न होता.

शिकारी मंडळीही आपल्यापासून फार दूर नव्हती. ठाण्याच्या खाडीपलीकडे साष्टी बेटात मुंबईच्या गोऱ्या लोकांचा ‘बॉम्बे जॅकल क्लब’ शिकार करीत असे. विलायती लाल खोकड इकडे नाही, म्हणून त्याच्या जागी कोल्हा नेमला. कुत्री विलायतेहून आगबोटीने येत. इकडच्या उन्हातापाने व रोगाने त्यांतली पुष्कळ मरत, की पुन्हा नवी आणावयाची. पुण्या-खडकीच्या लष्करात, निलगिरीवर उटीस, तिकडे पेशावरास, जेथे छावणी तेथे असला ताफा असे.

शिकारीची वेळ थंडीतली, भल्या पहाटेची, कारण दहिवर आहे तोवर वास जमिनीला धरून राहतो. भात कापून झाले म्हणजे साहेबाच्या लेखी शेत मोकळे. पण कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. त्याच ओलीवर तो वाल टाकतो, हरभरा टाकतो. पौषात शेंगा भरतात, मडक्यात पोपटी लागते, आणि उरलेल्या वालावर घरची वर्षाची डाळ निघते. अशा वेलावरून वीस घोडी एकदा गेली तर काय उरेल ते सांगावयास नको. मऊ बांध घोड्याच्या टापेने फुटला तर तो पुन्हा घालावयाचा कोणी?

आणि समजा, साहेबाला आभार मानण्याची बुद्धी झाली असती, तर ते पोचले असते कोणाकडे? साष्टीत कंपनी सरकारने १८३० साली बैरामजी जीजीभॉय ह्यांना एकदम सात गावे दिली होती. त्या गृहस्थांचा शिकारीशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. दाखवावयाचे एवढेच की, असल्या मुलखात ‘जमीनमालक’ हा शब्द उच्चारला म्हणजे तो बंगल्यात राहणाऱ्या गृहस्थाकडे जातो, वालाच्या वेलापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे येत नाही. आमच्या कुलाबा जिल्ह्यात बंगल्याच्या जागी खोताचा वाडा, इतकाच फरक.

आयर्लंडातील कुळांनी ह्यावर काय केले ते ऐकण्यासारखे आहे. १८८१-८२ सालच्या हिवाळ्यात लँड लीगचे पुढारी तुरुंगात पडले होते. जमीनदार नेहमीप्रमाणे लाल डगले घालून घोड्यांवर बसले, तेव्हा कुळे जमावाने वाटेत उभी राहिली. आमच्या माणसांना तुरुंगात ठेवता, खंड वाढवता, आणि वर आमच्याच शेतातून मौज करता काय? ठिकठिकाणी शिकार बंद पडली. तोवर जमीनदारांची समजूत अशी होती की, कुळांनाही शिकार पाहण्यात आनंद वाटतो, ती आपले पाठीराखेच आहेत! ती समजूत एका हिवाळ्यात उतरली.

आमच्याकडे शिकार अडविण्याची पाळी आली नाही, पण नांगर अडविण्याची आली. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसावयाच्या सोडल्या, त्या १९३९ पर्यंत. सहा पावसाळे भात लावले नाही. लाकडे तोडून, मासे मारून पोटे भरली. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचे बिल मांडले. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ साली झाला. पोट बांधून ‘नाही’ म्हटले, तेव्हा कोठे त्या शब्दाला किंमत आली.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शिकारीचा नाद फक्त गोऱ्यांनाच होता असे नाही. ज्यांच्या नावाने आम्ही बहुजन मान ताठ करतो, त्या शाहू छत्रपतींना शिकारीचा मोठा शौक होता. चित्ते पाळून ते काळवीट धरवीत. आपल्या घरचे झाकावे आणि दुसऱ्याचे उघडे करावे, ही रीत सत्यशोधकाला शोभणारी नव्हे. पण छत्रपतींच्या पदरी आणखी एक हिशोब आहे. रानाची खरी विद्या ज्यांच्याजवळ, त्या फासेपारध्यांना त्यांनी जवळ केले, नोकऱ्या दिल्या, आणि १९१८ साली आपल्या राज्यातील गुन्हेगार म्हणविल्या गेलेल्या जमातींची हजेरी बंद केली. इंग्रजी मुलखात मात्र चाळीस कुत्र्यांनी एक कोल्हा फाडणारा तो शौकीन खेळाडू, आणि पोटासाठी फास लावून तितर धरणारा पारधी तो जन्मजात गुन्हेगार. हा कायदा १९५२ सालापर्यंत उठला नव्हता.

आता कोल्ह्याची बाजू. आपल्याकडे तो लबाड म्हणून बदनाम. काकडी खातो, कलिंगड फोडतो, संधी साधली तर कोंबडी उचलतो. सारे खरे. पण खाडीकाठी ज्याचे खारशेत आहे, त्याने दुसरा रकानाही मांडावा. खारबांधाला भोके पाडतात उंदीर आणि खेकडे. एका भोकातून भरतीचे पाणी आत आले की शेत खारट होते, ते गोडे होण्यास पावसाळे जातात. हेच उंदीर व हेच खेकडे कोल्ह्याचे रोजचे अन्न. रात्रभर तो बांधाच्या कडेने फिरतो, पगार मागत नाही. दुसरा राखणदार आमचा कातकरी. भात निघाले की तो उंदरांची बिळे खणतो आणि उंदीर घरी नेतो. शेतकऱ्याचे हे दोन खरे पाठीराखे, आणि दोघांच्याही नावावर गुंठाभर जमीन नाही, तेव्हा आभाराच्या यादीत त्यांची नावे कोठून येणार?

१९७२ सालच्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला कागदावर तरी आसरा दिला. खारघर-पनवेल बाजूच्या खारफुटीत तो अजून आहे. रात्री त्याची कुई ऐकून नव्या इमारतींतली मंडळी घाबरून जातात. पण त्याच्यामागे आता घोडा नाही, मातीचा भराव आहे. विमानतळासाठी टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, खाडीची दलदल बुजविली, आणि दहा गावे हलविली. त्या गावांची नावे तर पाहा! एक कोल्ही, एक कोंबडभुजे, एक वाघिवली. नावांची व्युत्पत्ती सांगण्याचा आव आम्ही आणत नाही. पण कोल्हा, कोंबडी आणि वाघ ज्या एका दावणीला येतात, असा प्रकल्प इसापालाही सुचला नसता. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

आणि येथेच विलायती शिकारी मंडळीची चाल आम्हाला आठवली. कारण आता आमच्याकडेही आभार मानण्याची रीत सुरू झाली आहे. मांडव पडतो, भूमिपुत्रांच्या त्यागाचा गौरव होतो, शाल आणि श्रीफळ हाती येते, फोटो निघतो. ज्याने जमीन दिली त्याचा मान होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण ‘दिली’ ह्या शब्दाशी आम्ही अडखळतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण, ठाणे येथील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. भाव काय द्यावयाचा तोही सरकारनेच ठरविला. दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा व नवघर-शेवा भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे पडली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची आहे, आधीची नव्हे. त्या पाच घरांतल्या माणसांना विचारावे, आभार कोणत्या वर्षापासून सुरू झाले.

दुसरी अडचण जुनीच आहे. मांडवात हाक कोणाच्या नावाची पडते? १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कसत होता, तो कुळकायद्याप्रमाणे मालक व्हावयाचा होता. पण कोकणात कितीतरी कुळांचे नाव त्या वेळी कागदावर चढले नाही. कोणी खोताच्या भिडेने, कोणी अज्ञानाने, कोणी तलाठ्याच्या कृपेने मागे राहिले. कसणारा बांधावर आणि नाव भलत्याचे. जमिनीचा भाव आला तेव्हा वाड्यातील वारस मुंबईहून मोटारीने आले, आणि तीन पिढ्या वाल काढणारा ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात आपले नाव शोधत कचेरीत बसला. विमानतळाच्या आजूबाजूचा शेकडो गावांचा पट्टा २०१३ पासून नव्या नगररचनेखाली आहे. त्यामुळे हे शोधणे संपलेले नाही, उलट आता गावोगाव पोचणार आहे.

कोल्हा काकडीला राजी, अशी म्हण आपण कोल्ह्यावर रचली. पाहू, आपण कशाला राजी होतो ते. भात कापून झाले, वालाला पहिली पाने आली, की मांडव पडू लागतील. ज्या गावात सत्काराचे बोलावणे येईल, तेथील मंडळींनी बोलावणाऱ्यांस एवढेच सांगावे की, आधी सातबाऱ्याचा उतारा आणा, आणि त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना कातकरीवाडीसुद्धा साऱ्या गावासमोर मोठ्याने वाचून दाखवा. शालीचे मग पाहू.